थांबून राहणारा पियानो

मार्लिस टॉलफ्सनने छत्तीस वर्षं चर्चच्या तळघरात कॉफी केली. वर उपासना चालायची, खाली मार्लिस कप मांडायची. तळघराचं छत बुटकं आणि पियानो नेमका मोरीच्या डोक्यावर, त्यामुळे हॉल्वर लेक गावच्या लुथरन मंडळींचं प्रत्येक गीत तिला खालून पाठ होतं. वर पियानो वाजवणाऱ्या युनिस बाकेचा पाय पेडलवर पडला की इकडे मार्लिसच्या डोक्यावर ठक्क व्हायचं. तिसऱ्या कडव्याला कॉफीचं मोठं भांडं चालू करायचं, चौथ्याला दूध काढायचं, आमेन झालं की हात पुसून जिन्याकडे बघायचं. मग माणसं उतरायची, तिच्या रुबार्बच्या आंबटगोड वड्या खायची आणि म्हणायची, "वड्या वाईट नाहीत हं, मार्लिस." हॉल्वर लेकमध्ये याच्या वरची स्तुती नाही. बायको देखणी असली तरी नवरा हेच म्हणतो, आणि पोरगं डॉक्टर झालं तरी बाप हेच.

छत्तीस वर्षांत तिला दुसरं काही कुणी विचारलं नाही. गावात कुणी मेलं की फोन यायचा: मातीनंतर जेवायला माणसं किती येतील, हॅम किती लागेल. बस.

शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपली त्याच आठवड्यात तिने डिजिटल पियानो मागवला. नवऱ्याला न विचारता. खोकं दारात आलं तेव्हा ड्वेन बाहेर आला.

"हे काय? फ्रीजर आहे का?"

"पियानो आहे."

"कुणासाठी?"

"बदकांसाठी," मार्लिस म्हणाली. "धर तिकडून."

ड्वेनने अठ्ठावीस वर्षं टेलिफोन कंपनीच्या खांबांवर चढून काढली होती. बाकी कशात नाही, पण वायर दिसली की त्याच्या अंगात संचारायचं. गावात शिकवणारं कुणी नव्हतं. युनिस शिकवायची नाही, तिला आपल्या बाकाला वारस नको होता. म्हणून मार्लिसने टॅबलेटवर शिकायचं ठरवलं, आणि टॅबलेट पियानोला जोडायचं काम ड्वेनकडे आलं.

"हे टोक कुठे?" मार्लिसने विचारलं.

"पियानोच्या पाठीत. चौकोनी भोक आहे बघ."

"आणि हे टॅबलेटला?"

"बसणार नाही ते. मध्ये जोड लागेल. सरक जरा."

जोड त्याच्या पेटीत होता. त्याच्या पेटीत नाही असं काही नव्हतं. त्याने वायर लावली, टॅबलेट पियानोवर उभा केला, हिरवा दिवा लागला. मार्लिसने एक पट्टी दाबली आणि टॅबलेटवर त्याच पट्टीचं चित्र उजळलं.

"म्हणजे माझा आवाज ह्या वायरमधून जातो?"

"आवाज कसला जातो. नुसती बातमी जाते. कुठली पट्टी दाबलीस, किती जोरात, कधी सोडलीस."

"चहाडी," मार्लिस म्हणाली.

"हो, चहाडीच. आणि टॅबलेटने उलट हुकूम सोडला तर पियानो तुझ्याशिवायही वाजेल."

त्यावर ती हसली. तेव्हा दोघांनाही ते गमतीचं वाटलं.

पहिले तीन दिवस घरात नरक होता. टॅबलेटवर वरून रंगीत ठोकळे पडायचे, ठोकळा रेघेला टेकला की ती पट्टी दाबायची. मार्लिसची साठ वर्षांची बोटं, निम्मं आयुष्य बटाटे सोलण्यात गेलेली. ठोकळे खाली आपटून पुढे निघून जायचे आणि ही मागे राहायची. मग पहिल्यापासून. एक ओळ, तीच ओळ, जेवणापर्यंत तीच ओळ. शेजारच्या खोलीत ड्वेनची हॉकीची मॅच चालू असायची. चौथ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा त्याने टॅबलेट हातात घेतला, इकडे तिकडे बोट मारलं आणि त्याला एक हाताच्या पंजाचं चित्र सापडलं. ते दाबलं की ठोकळा रेघेवर येऊन लटकून राहायचा. बरोबर पट्टी सापडेपर्यंत अख्खं गाणं तिथंच उभं. पाच सेकंद लागोत, पन्नास लागोत. आणि शेवटी तीन चांदण्या, फुकट.

ड्वेनने ते चालू करून ठेवलं.

त्या संध्याकाळी मार्लिस पहिल्यांदा गाण्याच्या शेवटाला पोचली. हातात पळी घेऊन ती मॅचच्या आड उभी राहिली. "ड्वेन. तीन चांदण्या."

"बघू दे ना," ड्वेन म्हणाला. म्हणजे मॅच.

त्याने सांगितलं नाही. आधी सांगायचं राहिलं, मग सांगायला उशीर झाला, मग सांगण्यात काही हशील उरलं नाही, कारण चौदा महिन्यांत तिने अठ्ठेचाळीस गीतं बसवली आणि प्रत्येकाला तीन चांदण्या. ताल म्हणजे काय हे त्या बाईला कधी कळलंच नाही. तिला वाटायचं, आपण पट्टी शोधतो तेवढा वेळ जगाने थांबायचं असतं. ड्वेन वाईट माणूस नाही असं गाव म्हणायचं. गाव कुणालाही वाईट म्हणत नाही, त्यामुळे त्या म्हणण्याला किंमत नाही.

सप्टेंबरात युनिसची बोटं आखडून वाकडी झाली आणि मुलाने तिला तालुक्याच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. चर्चच्या रविवारच्या पत्रकात दोन ओळी आल्या: पियानोसाठी कुणी पुढे येईल का. मार्लिसने ते पत्रक फ्रीजवर चुंबकाने लावलं. आठवडाभर येता जाता वाचलं. मग एका दुपारी ती पास्टर क्रिस्टाकडे गेली आणि म्हणाली, "मी वाजवीन."

पास्टर क्रिस्टा गावात नवीन, तिशीतली. तिने मार्लिसचे दोन्ही हात हातात घेतले. ऐकून बघू या आधी, असं म्हणायची तिची हिंमत झाली नाही. आसपासच्या चाळीस मैलांत वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही होतंच.

"पोट दुखतंय," त्या रविवारी सकाळी गाडीत मार्लिस म्हणाली.

"कॉफी जास्त झाली असेल."

"कॉफी घेतलीच नाही. ड्वेन, आज कॉफी दुसरं कुणीतरी करणार आहे. विचार कर. मी वर असणार."

चर्चचा पियानोही डिजिटलच होता. जुना लाकडी पियानो दमटपणाने फुगला तेव्हा कमिटीने घेतलेला. ड्वेनने वायर लावली, टॅबलेट उभा केला, आणि येऊन पाचव्या ओळीत आपल्या जागी बसला. पंजाच्या चित्राला त्याने हात लावला नाही. तेव्हाही लावता आला असता. निदान काय होईल ते तिला तिथं बसण्याआधी सांगता आलं असतं.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत डाव्या हाताला एक लांब उडी आहे, तिथे मार्लिस अडली. ठोकळा लटकला. तिने शांतपणे पट्टी शोधली, घरी शोधायची तशीच.

आणि मंडळी थांबली.

सत्तर माणसं एकाच अक्षरावर थांबली. श्वास संपेपर्यंत ते अक्षर ओढून धरलं, संपल्यावर श्वास घेतला आणि परत तेच अक्षर धरलं. कुणी पुढे गेलं नाही. कुणी खोकलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावात माणसं हसली असती, दोघं तिघं ताल धरून पुढे निघाली असती आणि बाई खजील होऊन शिकली असती. इथे ते नाही. पुढे जाणं म्हणजे तिला चुकली म्हणणं, आणि तसं म्हणायचं नसतं. चार कडव्यांच्या गीताला अकरा मिनिटं लागली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा ऑर्विल नेस तिसऱ्या कडव्यात खाली बसला. पास्टरने प्रवचनाची दोन पानं गाळली.

खाली तळघरात सगळे मार्लिसभोवती जमले.

"केवढी मेहनत घेतलीस."

"मला तर बाई धीरच झाला नसता."

मार्लिस त्याच गावात जन्मलेली. मेहनत या शब्दाचा अर्थ तिला चांगला कळत होता. शाळेत नापास पोराच्या प्रगतिपुस्तकावर तोच शब्द लिहितात. गाडीत बसल्यावर तिने पर्स मांडीवर घट्ट धरली.

"ड्वेन, खरं सांग. कसं झालं?"

गाडी चौकात उभी होती. समोरून कुणी येत नव्हतं, तरी ड्वेन डावी उजवीकडे बघत राहिला. सांगायचं तर तिथंच होतं. गाडी त्याची, बायको त्याची, ऐकायला तिसरं कुणी नाही.

"वाईट नव्हतं," तो म्हणाला.

मार्लिसने तोंड खिडकीकडे वळवलं. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं. "सगळे माझ्याबरोबर होते. ऐकलंस तू? एकही माणूस पुढे पळाला नाही. युनिसच्या वेळी निम्मे पुढे असायचे."

"हं."

"पुढच्या रविवारी तीन गीतं आहेत. तिन्ही येतात मला."

मंगळवारी ती आपली बातमी सांगायला वृद्धाश्रमात युनिसकडे गेली. तिची गाडी वळणावरून दिसेनाशी होते न होते तोच मागच्या दाराने लवॉन आत आली. लवॉन ही ड्वेनची थोरली बहीण आणि चर्चच्या कमिटीची अध्यक्ष. दार वाजवायची तिला सवय नव्हती, कारण हे घर मुळात तिच्या बापाचं होतं. हातात खजुराच्या वड्यांचं ताट. लवॉन ताट घेऊन आली की समजावं, काहीतरी घेऊन जाणार.

"रविवारी वेगळंच झालं," ती म्हणाली.

हॉल्वर लेकमध्ये वेगळंच झालं म्हणजे आग लागली, पूर आला किंवा पोरगी पळून गेली.

"झालं खरं," ड्वेन म्हणाला.

"ऑर्विलच्या गुडघ्यात लोखंड आहे. त्याला अकरा मिनिटं उभं केलं तुझ्या बायकोने. मोजली मी."

"मग तिला सांग."

"मी? मी कशी सांगू? नवरा तू आहेस."

"कमिटी तुझी आहे."

"कमिटीने विचार केला," लवॉन खुर्ची ओढून बसली. "कमिटीचं म्हणणं पडलं की तिचं मन दुखवायचं नाही. पुढच्या महिन्यात हॅरिएटचं काही खरं नाही, डॉक्टरने सांगितलंय. मोठं घराणं आहे, दीडशे माणूस येईल मातीला. मार्लिस रुसून बसली तर जेवण कोण करणार? मी?"

"तुझं जेवण खाऊन अजून दोन मरतील."

"हस तू. वाजव की मग तूच." तिने एक वडी त्याच्यापुढे सरकवली. "ते टॅबलेट. ते स्वतःहून वाजवतं ना? युनिसची बहीण सांगत होती, तिच्या चर्चमध्ये पियानो एकटाच वाजतो."

"वायर लावली की वाजवतं."

"तालात?"

"मशीन आहे ते, लवॉन. तालात नाही तर काय."

"मग वाजवू दे त्याला."

"आणि मार्लिस?"

"मार्लिस बसू दे ना बाकावर. तिला कोण उठवतंय? तिची हौस होईल, ऑर्विलचा गुडघा वाचेल."

ड्वेन वडी चघळत राहिला. खरं तर त्याला राग यायला हवा होता. पण लवॉनने प्रश्न टाकला होता आणि त्याचं डोकं आपोआप वायरींमध्ये शिरलं. पट्ट्या आणि आतला आवाज यांचा संबंध तोडता येतो. तसा तोडला की पट्टी नुसती बातमी देणार, बोलणार नाही. बोलणार फक्त टॅबलेटच्या हुकुमावर. गीत सुरू होईपर्यंत टॅबलेट तिचेच सूर परत पाठवील, म्हणजे बोटं मोकळी करताना तिला काही कळायचं नाही. गीत सुरू झालं की आपलंच वाजवील. त्याला ते सुंदर वाटलं. बायकोला सत्तर माणसांसमोर कठपुतळी करायचं काम होतं आणि त्याला त्याची जोडणी सुंदर वाटली.

"होईल," तो म्हणाला.

"तिला कळणार नाही ना?"

"ती वर बघतच नाही. ठोकळ्यांकडे बघते."

"आणि कळलंच तर?" लवॉनने स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "कळलं तर काय. ती थोडीच काही बोलणार आहे? बाहेरची आहे का ती?"

चर्चमध्ये प्रार्थनेची फोनची साखळी होती. कुणी आजारी पडलं की पहिल्याने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, अर्ध्या तासात गाव प्रार्थनेला लागायचं. मार्लिसचा नंबर चौथा. वीस वर्षांत तिने एकदाही साखळी तुटू दिली नव्हती. त्या बुधवारी साखळी फिरली. लवॉनने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिसऱ्याने फोन केला तो पाचव्याला. जेवायच्या वेळेपर्यंत मार्लिस सोडून गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं की रविवारी बाकावर कोण बसणार आहे आणि वाजवणार कोण. सगळ्यांना ते फार दयाळूपणाचं वाटलं. तिच्यासाठी प्रार्थनाही केली असेल, नाही कशाला म्हणा.

शनिवारी दुपारी ड्वेनने टॅबलेट मागितला. "जरा नवं भरून घेतो आत."

"काय भरायचं राहिलंय?"

"असतं काहीतरी. उद्यापर्यंत हात लावू नकोस. काम चालू राहतं त्याचं."

तिने टॅबलेट पुसून दिला. तिने कधी त्याला उलट विचारलं नव्हतं. वायरींचं खातं त्याचं. त्या दुपारी तिने टॅबलेटशिवाय, नुसत्या आठवणीवर तिन्ही गीतं वाजवली. ड्वेन चर्चमध्ये होता, त्याने काही ऐकलं नाही.

चर्चमध्ये लवॉनने कुलूप उघडून दिलं. पियानोवर दोन बटणं होती, एक धरून ठेवायचं आणि दुसरं दाबायचं. ड्वेनने धरलं, दाबलं.

"बघ आता," तो म्हणाला.

लवॉनने एक पट्टी दाबली. ठक. दुसरी दाबली. ठक. प्लास्टिक लाकडावर आपटल्याचा आवाज, बाकी काही नाही.

"अगदीच मेलाय की रे."

"बंद आहे फक्त. परत ही दोन दाबली की बोलेल." त्याने टॅबलेट जोडला, हिरवा त्रिकोण दाबला, आणि रिकाम्या चर्चमध्ये पियानो एकटाच वाजू लागला, भरघोस, दोन्ही हातांनी, घड्याळासारखा. लवॉनने पूर्ण कडवं ऐकलं.

"वाईट नाही," ती म्हणाली.

ड्वेनला बरं वाटलं. हे त्याच्याबद्दलचं खरं आहे, म्हणून इथे लिहायला हवं.

रविवारी मार्लिसने निळा स्वेटर घातला. बाकावर बसली, दोन तीन पट्ट्या दाबून पाहिल्या, आवाज आला. पास्टरने गीताचा आकडा सांगितला, मंडळी उभी राहिली. मार्लिसने हिरवा त्रिकोण दाबला, मान हलवून चार मोजले आणि हात टाकले.

पाचव्या ओळीतून ड्वेनला तिची पाठ दिसत होती. पहिलं कडवं धडाक्यात गेलं. मंडळी मोकळ्या गळ्याने गात होती, ऑर्विल तर टाचा उचलून. मागच्या रविवारचं देणं फेडावं तसे सगळे जोरात. मार्लिसची बोटं थोडी मागे होती, पण आवाजात तिला ते कळत नसावं. तिचे खांदे सैल झाले. तिला वाटलं असेल, आज जमतंय. आयुष्यात पहिल्यांदा जमतंय. तेवढं एक कडवं तिला मिळालं.

दुसऱ्या कडव्यात डाव्या हाताची ती लांब उडी परत आली, पहिल्यात कशीबशी साधलेली. मार्लिसचा डावा हात उचलला गेला आणि पट्टी शोधत हवेत राहिला.

गीत थांबलं नाही.

डाव्या हाताचे सूर, जाड, ठसठशीत, तिच्या हवेतल्या हाताखालून वाजत पुढे गेले. मार्लिसने उजवा हातही उचलला. दोन्ही हात हवेत. पियानो वाजतोय. ती तशीच राहिली, गरम तव्यावरून हात काढून घ्यावेत तशी.

मग ती वळली. मंडळींकडे बघितलं. सत्तर माणसं पुस्तकात डोळे घालून गात होती. एकानेही मान वर केली नाही. पियानोवर बसलेल्या बाईचे हात हवेत आहेत आणि पियानो वाजतोय, हे बघून दचकलेलं एकही तोंड त्या खोलीत नव्हतं. त्यावरूनच तिला कळलं. यंत्र बिघडलं असतं तर निदान एक जण तरी दचकला असता.

सगळ्यात शेवटी तिने ड्वेनकडे बघितलं. त्यानेही पुस्तकात बघितलं.

लवॉन म्हणाली होती तसंच झालं. मार्लिस काही बोलली नाही. तिने एक पट्टी दाबली, कान देऊन. मग पियानोच्या पाठीमागे हात घातला आणि वायर उपटली.

टॅबलेटवर वायर सुटल्याची खूण आली आणि गीत मधेच मेलं. मंडळींचे आवाज अर्धी ओळ पुढे घरंगळले, एकेक करून बंद पडले. पास्टर क्रिस्टाच्या तोंडावर हसू होतं, ते काढायला ती विसरली. मार्लिसने टॅबलेट पालथा घातला. स्वेटरच्या बाह्या वर केल्या, मोठं भांडं घासायला घ्यावं तशा. आणि तिसरं कडवं सुरू केलं.

ठक. ठक, ठक. ठक.

मुक्या पट्ट्यांवर, दोन्ही हातांनी. सूर नाही, नुसतं प्लास्टिक. गायचं कसं? आणि खाली बसायचं कसं, बाई वाजवतेय ना. बसणं म्हणजे वाजत नाही असं म्हणणं. वाजत नाही म्हणणं म्हणजे आम्हाला माहीत आहे म्हणणं. म्हणून सत्तर माणसं पुस्तकं उघडी धरून उभी राहिली. लवॉन पानाचा आकडा वाचत होती, तोच तोच. दुसऱ्या ओळीत मार्लिस अडली आणि थांबली. तिने घाई केली नाही. पट्टी शोधली. ती शोधत असताना चर्चमध्ये खालच्या मजल्यावर कॉफी उकळायला लागल्याचं ऐकू येत होतं. ऑर्विलने पुढचं बाक दोन्ही हातांनी धरलं. त्याचा गुडघा थरथरत होता आणि त्याचं थरथरणं लाकडातून पलीकडच्या तीन माणसांपर्यंत पोचत होतं. ती तिघंही समोर बघत राहिली.

ठक.

सापडली. मार्लिस पुढे निघाली.

ड्वेनला माहीत होतं काय करायचं. एक बटण धरायचं, दुसरं दाबायचं. दोन सेकंदांचं काम, पंधरा पावलांवर. तेवढं केलं तर पियानो बोलला असता, बाई चुकत माकत का होईना स्वतःचं वाजवू शकली असती. पण ती पंधरा पावलं सगळ्यांच्या देखत टाकायची होती, आणि पोचल्यावर तिच्या शेजारी वाकायचं होतं. त्याने पाय हलवून बघितला, बुटात. मग चौथं कडवं पुढच्या पानावर होतं, म्हणून त्याने पान उलटलं. त्याचं बघून आजूबाजूच्यांनीही उलटलं. पानांची सळसळ मागच्या ओळीपर्यंत गेली आणि थांबली.

चौथं कडवंही तिने पूर्ण वाजवलं. शेवटची पट्टी तिने हवा तेवढा वेळ दाबून धरली. सोडली तेव्हा सवयीने कुणीतरी आमेन म्हणालं, आणि मग बाकीच्यांना म्हणावंच लागलं. मंडळी बसली. ऑर्विलला दोघांनी धरून बसवलं.

मार्लिस उठली नाही. वायर लोंबत होती, तिला तिने हात लावला नाही. भिंतीवरच्या फळ्यावर अजून दोन गीतांचे आकडे होते. तिने ते बघितले, पुस्तकात दुसऱ्या गीताचं पान काढलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली.